अर्ध्या बोटाचा वाद

भाऊजी, आमच्या जिन्याखाली आता माझे चाक पडून आहे आणि तुमचे गाडीच्या डिकीत गेले आहे. ही बातमी तुम्हाला द्यावी म्हणून लिहायला बसलो. एरवी मला लिहिण्याची सवय नाही. तीस वर्षे कॉलेजात गणित शिकवले, त्यामुळे हाताला 'सिद्ध करा' आणि 'यावरून असे दिसते की' एवढीच वाक्ये ठाऊक. पन्नाशी जवळ आल्यावर गाडी चालवायला तुम्ही शिकवलेत. पन्नाशी उलटल्यावर हे लिहिणे. माझ्या दोन्ही उशिराच्या आरंभांना तुम्हीच कारण आहात. गाडीच्या बाबतीत तुम्ही शेजारच्या आसनावर बसलेले असायचा आणि चुकले की हसायचा. येथे ती सोय नाही.

जिन्याखालच्या चाकावर पूर्वीप्रमाणेच एक फळी आहे, आणि फळीवर कुसुमची लोणच्याची बरणी. दिवाळीला तुम्ही ते पाहिलेत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलेत, "कुसुम, रस्त्यात पंक्चर झालं तं चाकाच्या जागी बरणी लावू काय वं?"

"लावा ना," ती आतून म्हणाली. "तुमच्या गाडीले कांद्याचा वास येते. थोडा लोणच्याचा येईन."

माझ्याशी बोलताना माझी बायको पुस्तकातल्यासारखे बोलते. तिच्या माहेरची बोली तिच्या ओठांवर तुम्ही आलात की यायची. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून तिने तुम्हाला मान द्यावा अशी रीत. तिने तुमची थट्टा केली आणि तुम्ही ती मागून घेतलीत. आपण दोघे साडभाऊ, दोन बहिणींनी जोडून दिलेले. एरवी तुमची-माझी गाठ कशासाठी पडली असती? तुम्ही उमरेडच्या पलीकडचे शेतकरी, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर बैल थांबावा. मी नागपुरातल्या सक्करदऱ्याचा मास्तर, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात नाही अशी ज्याची कायमची तक्रार.

गाडी घेण्याचे कारण कुसुमच्या ताईंची प्रकृती. तुमच्या गावाहून आमचे घर बावन्न किलोमीटर, आणि ताईंना बस लागते. नाकाशी लिंबू धरून त्या यायच्या, उतरल्यावर अर्धा दिवस आमच्या खाटेवर डोळे मिटून पडायच्या. कुसुम उशाशी बसून त्यांचे डोके दाबायची. बहिणीबहिणींची भेट म्हणायची ती एवढीच. दुसऱ्या दिवशी परतीची बस. एकदा ताईंना उमरेडच्या बसमध्ये बसवून आपण दोघे स्टँडवर चहा घेत होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मास्तर, एक छोटी गाडी घेऊ. निम्मी तुमची, निम्मी माही. आपण दोघं नाही बोललो तं चालते, पण ह्या बहिणी भेटल्या पायजे."

सेवानिवृत्त होऊन गावी परतणाऱ्या एका साहेबांची ती जुनी गाडी आपण घेतली: दोन दारांची, ठेंगणी, कमी पेट्रोल पिणारी. पंधरा दिवस तुमच्याकडे, पंधरा दिवस माझ्याकडे. आल्या दिवसापासून तिची चारही टायरे बदलणे भाग होते, आणि आपला वाद तेथेच सुरू झाला. नऊ वर्षे तो चालला. मला वाटते, आपल्या नात्याचे खरे वय तेवढेच आहे. त्याआधी आपण केवळ नातेवाईक होतो.

टायरच्या बाजूवर आकडे असतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिले होते पाच-वीस, तेरा. म्हणजे टायरची रुंदी पाच पूर्णांक वीस शतांश इंच आणि आतल्या लोखंडी रिमचा व्यास तेरा इंच. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीला, ट्रकच्या गोदामांच्या रांगेत गुलाबचे टायरचे दुकान तुम्हीच शोधून काढलेत. गुलाबने सांगितले की त्याच रिमवर पाच-साठही चढते. ते थोडे रुंद आणि थोडे उंच. तुम्ही तत्काळ म्हणालात, "हेच."

मी खिशातून पुस्तिका काढली.

"मास्तर, पुस्तक लिहिणाऱ्यानं माया गावचा नाला पायला काय?"

तुमच्या गावात शिरण्यापूर्वी एक नाला उतरावा लागतो, आणि त्या उतारावर मधोमध एक काळा दगड आहे. गाडीच्या पोटाला तो लागतो. मी विचारले, दगड काढून का टाकत नाही? माझ्या अज्ञानाची तुम्हाला खरोखर दया आली. "तो काढला तं पहिल्याच पुरात नाला रस्ता घेऊन जाईन. त्या दगडाच्या भरवशावर तं रस्ता थांबून राहिला. दगड राहीन तिथंच. गाडीनं वर व्हाव."

तेथेच, एका आडव्या ठेवलेल्या ट्रकच्या टायरवर कागद ठेवून मी हिशेब मांडला. टायरची उंची जवळजवळ त्याच्या रुंदीइतकीच धरावी. म्हणजे पाच-वीसचे चाक बाहेरून तेवीस पूर्णांक चार दशांश इंच, पाच-साठचे चोवीस पूर्णांक दोन. फरक आठ दशांश. आणि गाडीचे पोट उचलले जाणार त्याच्या निम्मे, म्हणजे इंचाचे चार दशांश. एवढ्यासाठी कंपनीने ठरवून दिलेले माप मोडायचे?

तुम्ही तर्जनी उभी केलीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या नखाने तिच्या जाडीच्या मध्यावर खूण दाखवलीत. "एवढं?"

"जवळजवळ."

"अर्धं बोट. बस झालं. मले अर्ध्या बोटापेक्षा जास्त पायजेच नाही."

शेवटी निवाडा गुलाबने केला. तो म्हणाला, "मांगं भाऊजीचं टाकतो, समोर मास्तरचं." मागची दोन पाच-साठ, पुढची दोन पाच-वीस. मला ते अशास्त्रीय वाटले, पण दोन जाणती माणसे सहमत झाल्यावर हट्ट धरण्याचा माझा स्वभाव नाही. गाडी त्या दिवसापासून मागून किंचित उंच, नमस्काराला वाकल्यासारखी दिसू लागली.

आणि अंतर मोजणाऱ्या मीटरवर पहिल्याच खेपेला तुमचा आनंद मावेना. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक वाट कापते, मीटर मात्र मागच्या चाकांचे फेरे मोजतो. त्यामुळे बावन्न किलोमीटरची वाट मीटरवर पन्नासाच्या घरात आली. मी ते समीकरणासह समजावून सांगितले. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलेत आणि मग आत जाऊन कुसुमला म्हणालात, "तुया बहिणीचं गाव पावणेदोन किलोमीटर जवळ आणलं. तुया नवऱ्याच्यानं झालं असतं काय?"

पण स्टेपनीचे काय? जादा चाक एकच, आणि गाडीची मापे दोन. गुलाबने भंगारातून आणखी एक रिम मिळवून दिली आणि आपली ती प्रथा सुरू झाली, जी नागपुरात दुसऱ्या कोणत्याही घरात नसेल. गाडी तुमच्याकडे निघाली की डिकीत पाच-साठची स्टेपनी, माझ्याकडे आली की पाच-वीसची. जिची पाळी नाही ती आमच्या जिन्याखाली. मागचे चाक फुटले आणि डिकीत माझे असले तर काय, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता. तुम्ही म्हणालात, "तुम्ही गाडी इतकी हळू चालवता की चाक फुटाच्या आंधी मले कार्ड टाकान." दर पंधरवड्याला तुम्ही यायचा, चहा व्हायचा, आणि मग मी बरणी उचलून फळी बाजूला करायचो. चाके बदलण्याचे काम माझे, हे मी आग्रहाने मागून घेतले होते. गाडीच्या कामात मला तेवढेच जमायचे.

तेही एकदा जमले नाही. मार्च महिना होता, मी उत्तरपत्रिकांत बुडालो होतो, आणि तुम्ही माझीच स्टेपनी घेऊन गेलात. पाचगावच्या पुढे मागचे उजवे चाक बसले. तुम्ही डिकी उघडलीत, आतले लहान चाक पाहिलेत आणि तेच चढवून, एका बाजूने कललेल्या गाडीतून ताईंना घरी नेलेत. पंधरा दिवसांनी मला हे कळले तेव्हा फार लाज वाटली. मागच्या दोन चाकांत फरक असला की आतल्या दातेरी चाकांवर सतत ताण येतो, एवढे तरी मला ठाऊक होते. कुसुम माझ्याकडे रोखून पाहत होती. तुम्ही बशीतला चहा फुंकत म्हणालात, "तिकडं काय पायते वं? मीच घाईत तसा निघालो. म्या कायले डिकी पायली नाही? अन् गाडी थोडी लंगडली, पण घरी आली. तुया मास्तरचं चाक बारीक असन, पण इमानदार हाय." दोष तुम्ही इतक्या सहजपणे आपल्याकडे घेतलात की त्याबद्दल आभार मानायलाही जागा उरली नाही. आज मानतो.

गाडी शिकवतानाही तुम्ही असेच होतात. सक्करदऱ्याच्या तलावाकडेच्या रस्त्यावर, सकाळी, लोक कमी असताना. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आणि समोर रस्त्यात बसलेली म्हैस. मी पाच वेळा हॉर्न वाजवला.

"काहून वाजवून राहिले मास्तर? म्हैस हाय ते, विद्यार्थी नाही. नापास व्हायले भेत नाही."

मी शिकलो, पण किती? घर ते कॉलेज, कॉलेज ते बाजार, आणि उमरेड रस्त्यावर जकात नाक्यापर्यंत. नाका आला की मी वळायचो. नऊ वर्षांत त्या नाक्यापलीकडे मी गाडी नेली नाही. न्यायचे-आणायचे काम तुमचे. तुम्ही बसने यायचा, गाडी घेऊन जायचा, ताईंना घेऊन यायचा, त्यांना सोडून गाडी परत आणून ठेवायचा आणि पुन्हा बसने जायचा. "नाक्याच्या पुढं भी दुनिया हाय," तुम्ही कधीतरी म्हणायचा. मी म्हणायचो, पुढची टायरे लहान आहेत, त्या रस्त्याला चालायची नाहीत. तुम्ही हसायचा. त्या हसण्यात तुम्हाला काय कळले होते, हे मी स्वतःला कधी विचारले नाही.

आता डिसेंबरातल्या त्या रविवाराकडे यावे लागेल. इतका वेळ मी तेच टाळतो आहे.

पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी पुसली होती. तूर सोंगायला आली असतानाही तुम्ही मुद्दाम आलात, आणि आपण वाडीला गेलो. गाडी तुम्ही चालवलीत. गुलाबने चहा मागवला. तुम्ही ट्रकच्या टायरवर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "गुलाब, आता समोर भी पाच-साठ टाक. मांगचं वर हाय, पण दगड तं समोरच्या पोटाले लागते."

"पुढे घासेल," मी म्हणालो.

"कुठं?"

"चाक पूर्ण वळवल्यावर. मडगार्डच्या आतल्या कडेला. मी मोजले आहे."

"कायनं मोजलं?"

"पट्टीने."

"पट्टी सरळ राहते मास्तर. चाक वळते."

गुलाब म्हणाला, "घासन भी, नाही भी घासन. गाडी-गाडीवर हाय." त्याला दोघांपैकी कोणालाही दुखवायचे नव्हते.

मी कागद पुढे केला. तुम्ही तो उलटा धरून गंभीरपणे पाहिलात आणि गुलाबला म्हणालात, "हे पाय, मास्तरनं सही भी केली." गुलाब हसला. मीही हसलो असतो. पण मग तुम्ही कागद परत दिलात आणि सहज म्हणालात, "तुमाले काय, तुम्ही तं त्या रस्त्यानं कधी येतच नाही."

ते खरे होते, म्हणून मला ते सोसले नाही. मी म्हणालो, "गाडी माझीही आहे, भाऊजी."

मोठ्याने बोललो नाही. मोठ्याने मी कधीच बोलत नाही. पण ते वाक्य कसे होते हे आपल्या दोघांनाही कळले. गाडी आल्यापासून नऊ वर्षांत निम्मे-निम्मे हा शब्द आपल्यापैकी कोणी उच्चारला नव्हता. तुम्ही पेला खाली ठेवलात. म्हणालात, "हाय ना. काहून नाही? गुलाब, मास्तर म्हणतीन तसं कर."

मी म्हणालो ते एवढेच, की आज राहू द्या.

परतताना तुम्ही दोन-तीनदा काही बोलायला सुरुवात केलीत, आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. दर वेळी मी तुमची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत यायचो. त्या दिवशी म्हणालो, पेपर तपासायचे आहेत. पेपर नव्हते, भाऊजी. टेबलावर काहीही नव्हते. मी तेथे बसून तुमच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकला.

त्या रविवारानंतर तेराव्या दिवशी सकाळी शेजारच्या डॉक्टरांकडे उमरेडहून ट्रंक कॉल आला. तुम्ही शेतात गेलात, चहा घेतलात, तुरीच्या पेंढ्यांना टेकून बसलात आणि उठला नाहीत. कुसुमने निरोप ऐकला, पदर खोचला आणि मला म्हणाली, "गाडी काढा."

मी म्हणालो, "पुढची टायरे गेली आहेत."

तिने माझ्याकडे फार थोडा वेळ पाहिले. मग चपला घातल्या आणि बस स्टँडच्या दिशेने चालू लागली.

टायरे खरोखरच गेलेली होती. पण तेरा दिवसांपूर्वी वाडीला जाऊन येण्याइतकी ती चांगली होती. सावकाश नेली असती तर तुमच्या गावापर्यंतही गेली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होते. नऊ वर्षे मी पाच-वीसचा कैवार घेतला तो पुस्तिकेसाठी, असे मी स्वतःला सांगत आलो. खरे कारण हे की पुढेही तुमच्या मापाची टायरे लागली असती तर नाक्यावरून परत वळायला माझ्याजवळ सबब उरली नसती. मला त्या रस्त्याची भीती वाटायची. ट्रकची, नाल्याची, त्या दगडाची. गाडी मध्येच बंद पडेल आणि चार लोक जमतील, त्या लोकांची सर्वांत जास्त. एवढे साधे वाक्य मी तुम्हाला सांगितले असते तर तुम्ही काय म्हणाला असता? बहुधा हसला असता आणि एका रविवारी मला शेजारी बसून घेऊन गेला असता.

बस उशिरा निघाली आणि उमरेडला बदलावी लागली. आम्ही पोचेपर्यंत तुम्हाला नेऊन झाले होते. ताई फाटकाशी होत्या. त्यांनी आमच्या मागे रस्त्याकडे पाहिले, गाडी नाही हे पाहिले, आणि म्हणाल्या, "बसनं आले काय? थकले असान. बाजूच्या घरून भात आला, दोन घास खाऊन घ्या." त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला असता तर तो मी वाटेत सोडून देऊ शकलो असतो.

तेरवी झाल्यावर कुसुमने ताईंना चार दिवस नागपूरला चलण्याचा आग्रह केला. तुमची मुलगी दूर दिल्लीकडे, तिला लेकरे. घरात आता ताई एकट्या. "कशी येऊ वं?" त्या म्हणाल्या. "मले बस लागते. अन् आता आणन कोण?" त्या हे कुसुमला सांगत होत्या. मी ओसरीवर बसलो होतो आणि खाली पाहत होतो. नऊ वर्षांपूर्वी स्टँडवर तुम्ही जे म्हणाला होतात ते मला आठवत होते. बहिणी भेटल्या पाहिजेत. गाडी त्यासाठीच घेतली होती, आणि ती सक्करदऱ्याला माझ्या दाराशी उभी होती.

पुढच्या रविवारी मी एकटा वाडीला गेलो. शहर ओलांडून, ट्रकांच्या मागे मागे, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. गुलाबला तुमची बातमी कळली होती. त्याने स्टूल पुसून दिले. मग आत गेला आणि दोन नवी टायरे गडगडवत आणून माझ्यापुढे उभी केली. मी बाजूचे आकडे वाचले. पाच-वीस, तेरा.

"भाऊजी सांगून गेलते," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही गाडीचा काच पुसत होते तवा. म्हणे, मास्तरच्या मापाचे दोन बाजूले ठेव, कोणाले देऊ नको. ते येतीन."

म्हणजे परतताना गाडीत तुम्ही दोन-तीनदा सांगायला सुरुवात केली होती ती हीच गोष्ट. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

मी त्या टायरांवर हात ठेवला. तुम्ही हरून गेला होतात, माझ्यासाठी, मला न सांगता. तुमचा शेवटचा शब्द मोडायचा की तुमचा नऊ वर्षांचा हट्ट? मला दोन्हींपैकी एकही मोडवेना. मग मला वाटले, प्रश्न मीच चुकीचा मांडला आहे. विद्यार्थ्यांना मी सदैव हेच सांगतो, आधी पाहा काय काढायचे आहे. माप कोणाचे हा प्रश्नच नव्हता. त्या दगडावरून गाडी कोण नेणार, हा प्रश्न होता. आणि आता ती मला न्यायची होती.

"गुलाब, पाच-साठ टाका," मी म्हणालो.

"समोर?"

"समोर."

"घासन ना. तुम्हीच म्हणत होते."

"घासेल," मी म्हणालो. "टाका."

त्याने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिले आणि जॅक आणला. घरी येऊन मी बरणी उचलली, फळी बाजूला केली, तुमचे चाक डिकीत ठेवले आणि माझे जिन्याखाली. चारही चाके आणि स्टेपनी आता एकाच मापाची आहेत. यापुढे पंधरवड्याची अदलाबदल नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने चाकाला टेकून बसावे का, हे मला ठाऊक नाही. मी थोडा वेळ बसलो. कुसुम आतून आली, तिने बरणी परत जागेवर ठेवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. नाका आला तेव्हा सवयीने माझा पाय ब्रेकवर गेला. कुसुम समोर पाहत होती. नाका मागे पडल्यावर ती म्हणाली, "गेला."

"हो," मी म्हणालो.

गाडी मध्ये एकदा बंद पडली, पाचगावपाशी. लोक जमले. दोघांनी ढकलली, एकाने विचारले कोणत्या गावचे, आणि गाडी चालू झाली. ज्याची मला आयुष्यभर भीती वाटली ते एवढेच होते. नाल्यावर मी पहिल्या गिअरमध्ये उतरलो. काळा दगड दोन्ही चाकांच्या मधोमध आला, आणि खाली काहीच लागले नाही. अर्धे बोट, भाऊजी. ते पुरते. हे मी लेखी देतो. मीटर पन्नासाच्या थोडा पुढे होता. गाव तुम्ही आणले होते तितकेच जवळ राहिले आहे.

मग तुमचे फाटक. गल्ली अरुंद, आणि तुम्ही गाडी नेहमी एका दमात आत घ्यायचा. मी चाक उजवीकडे पूर्ण वळवले, आणि डाव्या बाजूने खर्रकन आवाज झाला. स्पष्ट, मोठा, मी पट्टीने मोजला होता तेथेच.

ताई ओसरीवरून धावत खाली आल्या. "काय वाजलं वं?"

"टायर घासलं मडगार्डले," कुसुम उतरता उतरता म्हणाली. "हे तं आंधीपासूनच म्हणत होते घासन म्हणून."

"ते म्हणत होते नाही घासत." ताई गाडीजवळ आल्या, वाकून त्यांनी टायरवर उमटलेला पांढरा ओरखडा बोटाने पुसला. त्या दिवशी प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर हसू येता येता थांबलेले मी पाहिले. "मंग जिंकले तुम्ही मास्तर. आता सांगान कोणाले?"

आपल्या वादाचा निकाल माझ्या बाजूने लागला आणि तो ऐकायला तुम्ही नव्हता. तुमची चेष्टा, पट्टीवरचे तुमचे शेरे, उलटा धरलेला कागद, हे सर्व मी हरलो असतो तर मला परत मिळाले असते असे नाही. पण त्या क्षणी तसे वाटले खरे.

ताई त्याच दुपारी आमच्याबरोबर निघाल्या. लिंबू घेतले होते, पण ते कुसुमच्या मांडीवरच राहिले. आज अकरा दिवस त्या येथे आहेत. मी हे लिहीत असताना दोघी बहिणी स्वयंपाकघरात तुमच्याच गोष्टी काढून बसल्या आहेत. मधूनच एक रडते आणि दुसरी काहीतरी बोलून तिला हसवते. मग पाळी बदलते. मी जिन्यापाशी बसून ऐकतो. तुम्हाला ते ऐकायला आवडले असते.

उद्या ताईंना सोडायला जायचे आहे. तूर अजून खळ्यावर आहे, त्यांना ती पाहायची आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा आणीन, असे मी त्यांना सांगितले आहे, आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला आहे. गुलाब म्हणाला होता, मडगार्डची आतली कड दोन हातोड्यांत दाबून देतो, आवाज बंद होईल. मी त्याला एवढ्यात नको म्हणालो. फाटकाशी एकदा मागे घेऊन पुन्हा पुढे आणली तर चाक पूर्ण वळवावे लागत नाही, घासतही नाही. तेही मी मोजले आहे. पण तुम्ही ती गाडी एका दमात आत घ्यायचा. मीही तशीच घेईन.

घासले की समजा, मास्तर आले.